सिनेमा शिकायचाय, पण कॅमेरा नको

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि नवल म्हणजे हिरो व्हायचंय म्हणणारं त्यात एकही नाही, सगळ्यांना पैसा, करार, परवानग्या याबद्दल विचारायचंय. माझी उमेदीची वर्षं मुंबईतल्या प्रोडक्शन ऑफिसात व्हाउचर लावण्यातच गेलीत त्यामुळे मला तर मेजवानीच. लांबलचक पत्रं थोडी कापलीत, नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, नागपूरच्या महाल भागात राहते. बाबांचं इतवारीत होलसेलचं दुकान आहे, सुट्टीत मी गल्ल्यावर बसते. कॉलेजच्या एकांकिकेत स्टेजवर कधी गेले नाही पण तारखा, पैसे, गाडी, सगळं मीच सांभाळते आणि मला तेच आवडतं. सिनेमाच्या लाइनमध्ये हे काम करायचंय. बाबा म्हणतात सीए कर. याचं रीतसर शिक्षण असतं का, आणि नागपूर सोडावंच लागेल का?

उत्तर : अगं गल्ल्यावर बसलीयस ना, मग बरंच काही येतं तुला, हसू नको, खरंच सांगतेय. आपल्याकडे प्रोड्युसर म्हटलं की लोकांना पैसेवाला माणूस दिसतो, गळ्यात चेन, पांढरे बूट. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा निर्मात्याची व्याख्या करतो त्यात पैशाचं नावही नाही, तो म्हणतो की ती कलाकृती तयार करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी जो घेतो तो निर्माता. पैसा दुसऱ्या कुणाचा असेल, चॅनलचा, फायनान्सरचा, एखाद्या बिल्डरचा. तो आणायचा, ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या कामावर खर्च करायचा आणि मग हक्क विकून परत आणायचा, हे काम तुला शिकायचंय.

आता कॉलेजांचं. पुण्याचं एफटीआयआय म्हणजे १९६० पासूनचं, प्रभात स्टुडिओच्या जागेवरचं, नाव मोठं, पण तिथले गाजलेले कोर्स दिग्दर्शन, छायाचित्रण, एडिटिंग, साउंड हे आहेत. तुला हवंय ते कोलकात्याला, सत्यजित रे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे सिनेमा आणि टीव्हीसाठी प्रोड्युसिंग हा स्वतंत्र विषय आहे, तीन वर्षांचा, पदवी कुठल्याही शाखेची चालते म्हणजे बीकॉमही चालतं. संस्था सरकारी आहे, जागा मोजक्या, परीक्षा आणि मुलाखत दोन्ही द्यावी लागते. त्यांच्याच डिजिटल मीडिया विभागात मीडिया मॅनेजमेंटचा कोर्स आहे तोही बघून ठेव. मुंबईत गोरेगावच्या फिल्मसिटीत सुभाष घईंनी २००६ साली सुरू केलेलं व्हिसलिंग वूड्स आहे, तिथेही प्रोड्युसिंग शिकवतात, पण फी सांगायच्या आधी बाबांना खुर्चीवर बसव. आणि तिसरा रस्ता एमबीएचा, पुण्याचं सिम्बायोसिसचं मीडियाचं कॉलेज किंवा अहमदाबादचं मायका. इथली पोरं सेटवर कमी आणि चॅनलच्या, ओटीटीच्या, जाहिरात एजन्सीच्या ऑफिसात जास्त दिसतात. वाईट काही नाही, पण काम वेगळं आहे, आधीच माहीत असलेलं बरं.

माझं मत विचारशील तर कोलकात्याची परीक्षा दे, आणि नाही झालं तर बाबांचं ऐक. मनापासून सांगतेय. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधली उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे, ती मुंबईत अशा फर्ममध्ये कर जिच्याकडे प्रोडक्शन कंपन्या क्लायंट आहेत. सेटवर हिशोब कळणारी माणसं फार कमी आहेत आणि ज्यांना हिशोब कळतो त्यांना सेट कळत नाही, दोन्ही कळणाऱ्या माणसाला या धंद्यात कुणी घरी बसू देत नाही. एक नमुना देते. आयकराच्या १९६२ च्या नियमांमध्ये ९ए नावाचा नियम होता, त्यात असं की निर्मात्याने सिनेमा आर्थिक वर्ष संपायच्या किमान ९० दिवस आधी रिलीज केला तर निर्मितीचा पूर्ण खर्च त्याच वर्षी वजा करता येतो. आणि समजा फेब्रुवारीत आणला, तर त्या वर्षी जेवढी कमाई तेवढाच खर्च वजा, उरलेला पुढच्या वर्षी. म्हणजे रिलीजची तारीख ठरवताना दिवाळी, परीक्षा, क्रिकेट यांच्यासोबत सीएचाही फोन येतो. हे कुठल्या मुलाखतीत कुणी सांगत नाही, पण ऑफिसात यावरून तासन् तास वाद चालतात.

आणि कोर्स मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नको. एखादी दहा-बारा पानांची पटकथा घे, तुमच्या ग्रुपमधल्या कुणाचीही चालेल, आणि तिचं ब्रेकडाउन कर. सीन कुठला, आत की बाहेर, दिवस की रात्र, पात्रं कोण, प्रॉपर्टी म्हणजे सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू काय, कपडे, गाड्या, मागून चालणारी माणसं किती. मग सगळे सीन लोकेशनप्रमाणे एकत्र लाव, कारण शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही, शेवटचा सीन पहिल्या दिवशी होतो असं सर्रास असतं. मग कलाकारांच्या तारखा बसव, इथेच डोकं फिरतं. मग प्रत्येक दिवसाचा खर्च काढ, जेवण किती जणांचं, गाड्या किती, जनरेटर लागेल का. बाहेरचा कुणी आलेला तर मे महिन्यात दुपारी अंबाझरीला आउटडोअर लावून मोकळा होईल आणि पंचेचाळीस डिग्रीत अर्धं युनिट सलाइनवर जाईल, तू नाही लावणार, हे पण ज्ञानच आहे. एकूण आकड्यावर दहा टक्के वरखर्चाला ठेव. आणि सगळ्यात शेवटी एक तक्ता कर ज्यात फक्त एवढंच, कुठल्या तारखेला किती रुपये हातात लागतील आणि कुठल्या तारखेला किती येतील. बजेट सगळे करतात, हा तक्ता फार थोडे करतात, आणि सिनेमे बहुतेक इथेच अडकून पडतात, बजेट पुरेसं असूनही. दुकानात उधारी कशी सांभाळतात हे बाबांना विचार, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

नागपूर सोडावं लागेल का, तर काही वर्षं हो. नंतर परत येता येतं, लाइन प्रोडक्शनचं, म्हणजे बाहेरून आलेल्या युनिटला ठरलेल्या पैशात इथलं सगळं उभं करून द्यायचं काम इथे आहे, नागराज मंजुळेंचा 'झुंड' नागपुरात शूट झाला तेव्हा इथल्या माणसांची गरज लागलीच ना. पण शिकायच्या वयात जिथे रोज शूट चालतं तिथे रहा.

प्रश्न : माझा मुलगा बारावी झाला आहे. शहरातल्या एका खाजगी संस्थेने सहा महिन्यांच्या फिल्म प्रोडक्शन कोर्सचे अडीच लाख सांगितले, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. तो हट्ट धरून बसला आहे. काय करावं?

उत्तर : काकाजी, शंभर टक्के प्लेसमेंट हे ऐकलं की पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात घ्या. या धंद्यात नोकऱ्याच थोड्या आहेत, बाकी सगळं काम प्रोजेक्टवर चालतं, तीन महिने काम मग दोन महिने फोनची वाट, तर प्लेसमेंट कुठली देऊन राहिले हे त्यांना लेखी विचारा. शिकवणाऱ्यांची नावं मागा आणि कुठल्या सिनेमाच्या, मालिकेच्या श्रेयनामावलीत ती नावं आहेत ते घरी बसून तपासा. करार, हक्क, बजेट, सेन्सॉर यावर किती तास आहेत ते विचारा, बहुतेक ठिकाणी उत्तर येतं की ते शेवटच्या आठवड्यात घेऊ. मधेच सोडलं तर फी किती परत? मागच्या बॅचच्या दोन पोरांशी, संस्थेच्या माणसाशिवाय, बोलू द्या म्हणा. यातलं काही द्यायला कां कूं करत असतील तर उत्तर मिळालं तुम्हाला.

आणि बारावीनंतर त्याला आधी पदवी करू द्या, कॉमर्स, लॉ, मास कम्युनिकेशन, काहीही, कारण चांगल्या सरकारी संस्थेतला प्रोड्युसिंगचा कोर्स पदवीनंतरच आहे. दरम्यान जाहिरातींचे, इव्हेंटचे शूट नागपुरात होत असतात, एखाद्या प्रोडक्शन मॅनेजरच्या हाताखाली चहा मोजायला पाठवा. पंधरा दिवसांत हट्ट सुटेल नाहीतर पक्का होईल, दोन्हीत तुमचे अडीच लाख वाचतात.

प्रश्न : मालिकांच्या शेवटी कार्यकारी निर्माता, क्रिएटिव्ह, लाइन प्रोड्युसर अशी बरीच नावं येतात. निर्माता नक्की कोण? आणि मालिका सुपरहिट झाली तर पैसा निर्मात्याला मिळतो ना?

उत्तर : निर्माता तोच, पहिल्या उत्तरात सांगितला तो, पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. ईपी म्हणजे कार्यकारी निर्माता, टीव्हीत रोजचा गाडा हाच हाकतो, आज कुठला सेट, कुणाला कॉल टाइम किती, कलाकार तापाने झोपला तर काय, किती एपिसोड बँकेत आहेत. बँकेत म्हणजे शूट होऊन तयार पडलेले, पैसे नव्हे, पैसे बँकेत नसतातच. क्रिएटिव्ह वाले कथेकडे आणि चॅनलच्या फोनकडे बघतात. लाइन प्रोड्युसर जास्त करून सिनेमात आणि बाहेरगावच्या शूटला असतो, ठरलेल्या पैशात तिथलं सगळं उभं करून देणारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून वाईट वाटेल. आपल्याकडे बहुतेक मालिका चॅनल कमिशन करतं, म्हणजे दर एपिसोडला ठरलेली रक्कम निर्मात्याला देतं आणि मालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवतं. जाहिराती चॅनलच्या, पुनर्प्रक्षेपण चॅनलचं, दुसऱ्या भाषेत केली तर तेही चॅनलचं. निर्मात्याकडे राहतो ठरलेला दर आणि खरा खर्च यातला फरक. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कुठली मालिका किती लोक बघतात ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात, चांगले असले तर दर वाढवून मागता येतो, वाईट असले तर गाशा गुंडाळायची तयारी.

आणि तो फरकही लगेच हातात येत नाही. ९० दिवसांनी पेमेंट ही टीव्हीतली जुनी ओरड आहे, २०२० मध्ये कामगार संघटनांनी यावर मोठा आवाज उठवला होता. आता हिशोब करून बघा, आकडा मी सोयीसाठी धरतेय. एपिसोडला दोन लाख खर्च, महिन्याला २६ एपिसोड, झाले ५२ लाख. तीन महिने पैसे आले नाहीत तर एक कोटी छप्पन लाख निर्मात्याने आधी स्वतः उभे करायचे, तेही व्याजाने, आणि स्पॉट दादापासून लेखकापर्यंत सगळ्यांना थांबवत थांबवत. म्हणून टीव्हीचा निर्माता भेटला की मालिकेबद्दल आधी बोलू नका, ओव्हरड्राफ्टबद्दल विचारा, मोकळेपणाने बोलेल.

प्रश्न : मी लिहिलेली एक कथा मुंबईच्या एका निर्मात्याला आवडली. व्हॉट्सॲपवर सगळं ठरलं, थोडे पैसेही गुगल पेने आले. करार नंतर करू म्हणतात. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे तरी मलाच कळत नाहीये, कथा आता कुणाची?

उत्तर : तुझीच. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ उघड, तुझ्या लायब्ररीत नक्की असेल. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी हवा, देणाऱ्याची सही हवी. त्यात कुठले हक्क, किती काळ, कुठल्या भागासाठी आणि किती मोबदला हे यायला पाहिजे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एक वर्षात तो हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, हक्क परत तुझ्याकडे. ही सगळी कलमं लेखकाच्या बाजूची आहेत, आणि म्हणूनच छापील करारांमध्ये कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, आज असलेल्या आणि उद्या येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी अशी लांबलचक वाक्यं असतात, ती वाचताना झोप येते आणि तशी यावी म्हणूनच लिहिलेली असतात असं माझं मत.

तुझ्यासाठी धोका वेगळा आहे. कल्पनेला कॉपीराइट नसतो. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात ते स्पष्ट सांगितलं, एका नाटककाराने आपल्या नाटकावरून सिनेमा उचलला म्हणून दावा केला होता, कोर्ट म्हणालं की विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, आणि तो हरला. म्हणजे फोनवर सांगितलेली दोन ओळींची कल्पना गेली तर गेली, लिहिलेली पटकथा मात्र तुझी. तेव्हा आधी पूर्ण लिही, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर कर, ऑनलाइन होतं. मग त्या निर्मात्याला नम्रपणे मेल टाक की मिळालेली रक्कम अमुक कशाबद्दल आहे ते लेखी कळवावं. तो मेल हाच पुढे उपयोगी पडतो.

करार करायची वेळ आली तर एकदम सगळं विकू नको, आधी ऑप्शन दे, म्हणजे वर्षभरासाठी थोड्या पैशात कथा राखून ठेवायची, सिनेमा उभा राहिला तर पूर्ण रक्कम, नाही राहिला तर कथा घरी. आणि हो, मनोरंजन क्षेत्राच्या वकिलांची नागपुरात वानवाच आहे, तेव्हा तुझं करिअर तुझ्याच पत्रात लपलेलं आहे बघ. गाणी, संगीत, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना मिळालेला रॉयल्टीचा हक्क, यातच आयुष्य जाईल एवढं काम आहे.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमची आजोबांच्या वेळची टॉकीज होती, आता तिथे मंगल कार्यालय आहे. घरात अजूनही 'सीपी बेरारचे राइट्स' वगैरे बोलणं चालतं. मी नागपूरला बीबीए करतो. वितरण शिकायचं असेल तर कुठे शिकायचं, आणि आता तो धंदा उरलाय का?

उत्तर : वा. हे पत्र मी दोनदा वाचलं. सीपी अँड बेरार म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड नावाचा प्रांत १९५० मध्ये नकाशावरून गेला, नागपूरची राजधानी १९५६ मध्ये गेली, पण सिनेमाच्या धंद्यात तो प्रांत अजून जिवंत आहे. विदर्भ, जबलपूरकडचा भाग, छत्तीसगड ही सगळी सीपी बेरार टेरिटरी (टेरिटरी किंवा सर्किट म्हणजे सिनेमाचे हक्क विकण्यासाठी धंद्याने पाडलेला भाग), इंदूरकडे सीआय म्हणजे सेंट्रल इंडिया, आणि या दोन्ही सर्किटसोबत राजस्थान मिळून वितरक-थिएटरवाल्यांची जी संघटना आहे, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं मुख्य ऑफिस भुसावळला. लोकांना वाटतं सिनेमाचं सगळं मुंबईत ठरतं. आणि मराठी सिनेमावाल्यांची गंमत बघ, महाराष्ट्र एक पण टेरिटरी तीन, मुंबई-पुण्याकडचा भाग बॉम्बे सर्किटमध्ये, मराठवाडा निजाममध्ये आणि आपण सीपी बेरारमध्ये. राज्य १९६० मध्ये झालं, वितरकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

जुनी पद्धत तीन प्रकारची, तुझ्या घरात बोलत असतीलच. एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी, वितरक निर्मात्याला एक रक्कम देऊन टाकतो, सिनेमा पडला तर नुकसान वितरकाचं, चालला तर ठरलेल्या रकमेच्या वर दोघं वाटून घेतात. ॲडव्हान्स म्हणजे आधी पैसे दिले पण वसूल नाही झाले तर निर्मात्याने परत करायचे, आणि किती वितरक ते परत मिळवण्यासाठी चपला झिजवतात हे विचारू नको. कमिशन म्हणजे वितरक फक्त लावून देणार, टक्के घेणार, जोखीम सगळी निर्मात्याची. सध्या मराठीत बहुतेक तिसरंच चालतं.

आता एका तिकिटाचा प्रवास बघ. दोनशे रुपयांचं तिकीट, शंभरच्या वर असल्याने १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण साडेतीस रुपये गेले, उरले १६९ रुपये ५० पैसे. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं जोरदार भांडण झालं, एप्रिल ते जून नवे सिनेमेच लागले नाहीत, त्यानंतर जे वाटप ठरलं ते पहिल्या आठवड्यात निव्वळ कमाईच्या ५० टक्के वितरकाकडे, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, चौथ्यापासून ३०. म्हणजे त्याच तिकिटाचे पहिल्या आठवड्यात पावणेपंच्याऐंशी रुपये येतात आणि चौथ्या आठवड्यात एक्कावन्नच्या जरा खाली. हळूहळू तोंडी प्रसिद्धीने चालणारा सिनेमा म्हणून मार खातो, लोक येतात तेव्हा वाटा कमी झालेला असतो. त्यातून वितरकाचं कमिशन, प्रसिद्धीचा खर्च, पडद्यावर डिजिटल पद्धतीने सिनेमा पोचवण्याचे पैसे, आणि मग कुठे निर्मात्याची पाळी. पेपरात 'दहा कोटींचा गल्ला' वाचून निर्माता श्रीमंत झाला असं समजणाऱ्यांना हा हिशोब दाखव.

उरलाय का धंदा, तर उरलाय पण बदललाय. आता निर्माता थिएटरच्या आधी सॅटेलाइट म्हणजे टीव्हीचे आणि ओटीटीचे हक्क विकायला बघतो, आणि मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी सिनेमा आठ आठवडे ओटीटीवर येऊ नये असा आग्रह धरतात. या सगळ्या तारखा एकमेकांत अडकलेल्या, त्या सोडवता येणारा माणूस पाहिजे असतो. याचं कॉलेज नाही. अमरावती, भुसावळ इथे जुने वितरक आहेत, आजोबांचं नाव सांगून त्यांच्याकडे जा, तुला चहा मिळेल आणि कपाटातले जुने करारही बघायला मिळतील, ते नीट वाच. आणि गोव्यात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो त्या वेळी एनएफडीसी, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळ, २००७ पासून फिल्म बाजार भरवतं, तिथे हक्क विकणारे-घेणारे एका जागी दिसतात, बीबीए झाल्यावर एकदा तरी जाऊन ये.

प्रश्न : मी ब्रह्मपुरीचा, नागपूरले एमकॉम करून राहिलो. दरवर्षी सीझनले वडसाला मामाच्या झाडीपट्टी नाटक मंडळाचा हिशोब पाहतो. मीडिया मॅनेजमेंटच्या मुलाखतीत हे सांगू का? मित्र हसतात.

उत्तर : हसणाऱ्या मित्रांना घेऊन एक रात्र वडसाला जा. काहून नाही सांगणार? झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला धानाचा भाग, तिथले कलावंत परशुराम खुणेंना २०२३ मध्ये याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. धान निघाले की दिवाळीनंतर सीझन सुरू, मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, गावोगाव रात्रभर नाटक, आणि सगळी बुकिंगची ऑफिसं वडसाला. सरकारी अनुदानाची वाट न बघता तिकिटावर चालणारा एवढा मोठा व्यवसाय, आणि तू त्याचे हिशोब लिहितोस.

फक्त सांगताना नीट सांग. "मामाला मदत करतो" असं नको. गावच्या मंडळाकडून बयाना किती घेता, उरलेली रक्कम पडदा उघडायच्या आधी की नंतर, कलाकाराला नाईटप्रमाणे किती, एकाच रात्री दोन गावांची मागणी आली तर काय ठरवता, अवकाळी पाऊस आला तर बयाना परत की पुढची तारीख, गाडी, साउंड, स्टेज यांचा खर्च कुणाचा. मुलाखत घेणारे ज्याला मोठ्या शब्दांत कॅश फ्लो आणि रिस्क म्हणतात तेच हे. सीझनचा एक साधा तक्ता करून ने, किती प्रयोग, सरासरी उत्पन्न, सरासरी खर्च, किती रद्द. मामाची परवानगी घेऊन ने मात्र, गावाचं नाव आणि कलाकारांचं मानधन त्यात उघडं नको.

एक फरक लक्षात ठेव, विचारतील. नाटकाचा पैसा त्याच रात्री किंवा त्याच सीझनमध्ये मोकळा होतो. सिनेमात आज घातलेला रुपया दोन-दोन वर्षं येत नाही, राज्य सरकारचं मराठी सिनेमाचं अनुदानसुद्धा सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, समितीने बघून दर्जा दिल्यावर मिळतं, त्यावर शूटिंग उभं करता येत नाही, अनेकांना ते येतं असं वाटतं. पण सिनेमाचे हक्क मागे उरतात, प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. नाटकाचा प्रयोग संपला की मंडप सोडायचा. झाडीपट्टीच्या प्रयोगांचं रेकॉर्डिंग, त्याचे हक्क, लेखकाचा वाटा, यावर कुणी नीट काम करतंय का बघ, मला तरी ती जागा रिकामी दिसते, तुझ्याच हातात आहे.

प्रश्न : कॉलेजची शॉर्ट फिल्म आहे, डिसेंबरात शूट. एक सीन नागपूर स्टेशनवर, एक इतवारी स्टेशनवर, मुख्य पात्र नऊ वर्षांची मुलगी. प्रोडक्शन माझ्याकडे आलंय. एकच अर्ज पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार, आणि तुला प्रोडक्शन देणाऱ्यांनी स्वतः अंग काढून घेतलंय हे लक्षात आलं असेलच. नागपूर स्टेशन मध्य रेल्वेत, इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, म्हणजे दोन वेगळ्या झोनकडे दोन अर्ज. सुदैवाने दोन्हीची विभागीय कार्यालयं नागपुरातच आहेत, तिथल्या जनसंपर्क विभागात आधी जाऊन भेट, पटकथेची ती पानं, युनिटची यादी आणि कॅमेऱ्याची माहिती घेऊन जा. लपून मोबाइलवर घेऊ असं कुणी सुचवेल, ऐकू नको, पुढे महोत्सवात कागद मागतात.

मुलीचं जास्त काळजीने बघ. बालकामगार कायद्याच्या नियमांप्रमाणे लहान कलाकाराला घेऊन शूट करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मानधन देत असाल तर त्यातले किमान २० टक्के तिच्या नावाने मुदत ठेवीत. शॉर्ट फिल्म आहे म्हणून सूट मिळेल असं धरू नको. म्हणजे तिचे सीन आधी लाव, दोन स्टेशनं एकाच दिवशी बसवू नको, आणि आई किंवा बाबा सेटवर पाहिजेतच.

आणि डिसेंबर कुणी ठरवला? हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा पोलिस बंदोबस्तात, अधिकारी मीटिंगमध्ये, बाहेरून येणाऱ्या तुमच्या कॅमेरामनला हॉटेलात खोली नाही, मिळाली तर भाव दुप्पट. जानेवारीत ढकला, थंडी तेव्हाही असते आणि फाइल टेबलावरून लवकर हलते.